पावसातल्या डोंगर-शर्यती आणि अंगात शिरणारा गारठा : थांबायचे कोणी ठरवायचे?

जून लागला की टिटवाळ्यातल्या माझ्या दवाखान्यात एक वेगळाच पेशंट येऊ लागतो. त्याला काही होत नसते, फक्त फिटनेस सर्टिफिकेट हवे असते. रविवारी पहाटेची कसारा लोकल पकडून कोणी आसनगावला उतरून माहुलीला जाणार असतो, कोणी कसाऱ्याहून पुढे कळसूबाईला. पूर्वी हे ट्रेकपुरते होते. आता २५ किंवा ५० किलोमीटरच्या डोंगर-शर्यतींचे फॉर्मही येतात. मी नाडी, बीपी आणि छाती तपासतो, गरज वाटली तर ईसीजी काढायला सांगतो आणि सही करतो. त्या सहीचा अर्थ एवढाच असतो की आज, कोरड्या खोलीत, पंख्याखाली बसलेला हा माणूस ठीक आहे. घाटमाथ्यावरच्या पावसात त्याचे काय होईल, हे ती सही सांगत नाही.

सह्याद्रीत थंडीने माणूस जातो?

जातो. ऑगस्ट २०२३ मध्ये पुण्याहून हरिश्चंद्रगडावर गेलेला एक गट पाऊस आणि धुक्यात वाट चुकला, रात्र उघड्यावर काढावी लागली आणि त्यातल्या एकाचा गारठून मृत्यू झाला. हरिश्चंद्रगडाची उंची १४२४ मीटर. तिथे बर्फ पडत नाही.

शरीराच्या आतले तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या (९५ फॅरेनहाइट) खाली गेले की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. त्यासाठी शून्य अंश लागत नाही. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून घेते आणि वारा त्यात भर घालतो. धावणारा माणूस पातळ टी-शर्ट आणि शॉर्ट्समध्ये असतो. पळतोय तोवर स्नायूंची उष्णता त्याला तारून नेते. पण घोटा मुरगळला, पोटात अन्न उरले नाही किंवा कळसूबाईच्या लोखंडी शिडीपाशी गर्दीत २० मिनिटे उभे राहावे लागले, की भट्टी विझते आणि ओले कपडे मात्र अंगावरच राहतात. थकलेल्या शरीरात कुडकुडायलाही इंधन शिल्लक नसते.

आधी डोके जाते, मग पाय

सुरुवातीला हुडहुडी भरते, बोटे चालेनाशी होतात, जॅकेटची चेन लावता येत नाही. त्याच सुमारास स्वभाव बदलतो. माणूस चिडतो, अडखळत बोलतो, "मी ठीक आहे, मला जाऊ द्या" असा हट्ट धरतो. आतले तापमान ३२ च्या आसपास घसरले की हुडहुडी थांबू लागते. सोबत्यांना वाटते बरे वाटू लागले. प्रत्यक्षात शरीराने हात टेकलेले असतात. याच्याही पुढे काही जण "उकडतंय" म्हणत कपडे काढू लागतात. २८ च्या खाली शुद्ध जाते आणि हृदयाचे ठोके केव्हाही बिघडू शकतात.

माझा एक तरुण पेशंट हवामानाचा नारिंगी इशारा असताना झालेल्या एका शर्यतीत उतरला होता. एका चौकीवर स्वयंसेवकांनी त्याच्या छातीवरचा नंबर काढून घेतला आणि त्याला टपरीत कोंबून बसवले. तो त्यांच्याशी जोरात भांडला म्हणे. दोन दिवसांनी दवाखान्यात आला तेव्हा भांडल्याचे त्याला आठवतच नव्हते. सर्टिफिकेटवर सही माझीच होती. आणि ती देताना पावसाचा विषय मी काढलाच नव्हता.

मग जबाबदारी कोणाची?

नोंदणीच्या फॉर्मवर "मी स्वतःच्या जबाबदारीवर भाग घेत आहे" असे वाक्य असते. डॉक्टर म्हणून मला ते अर्धेच खरे वाटते. सही करणारा माणूस शुद्धीत होता. विसाव्या किलोमीटरवर, गारठलेल्या मेंदूने, तोच माणूस थांबायचा निर्णय घेऊ शकत नाही. म्हणून तो निर्णय आधी कोरड्या डोक्याने आणि दुसऱ्या कोणीतरी घेऊन ठेवायला हवा. कायद्यातही अशा सहीने आयोजकाचा निष्काळजीपणा आपोआप माफ होत नाही. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणात आयोजकांनी नोंदणी करणे अपेक्षित आहे. तुमच्या आयोजकाची आहे का, हे विचारण्यात संकोच कसला?

चीनमधल्या गान्सू प्रांतात २२ मे २०२१ रोजी १०० किलोमीटरची डोंगर-शर्यत झाली. दुपारी वारा, गारा आणि गोठवणारा पाऊस आला. १७२ पैकी २१ धावपटू गेले, त्यांत देशातले नामवंत धावपटूही होते. वाऱ्यापासून वाचवणारे जॅकेट सक्तीच्या सामानात नव्हते. अनेकांनी जाड कपडे पुढच्या चौकीवर पाठवून दिले होते. ज्या चढावर लोक अडकले तिथे गाडी पोचत नव्हती. सहा जणांना वाचवले ते एका मेंढपाळाने, आपल्या आसऱ्याच्या गुहेत नेऊन. आपल्याकडेही अडचणीत सापडलेल्यांपर्यंत बहुतेक वेळा आधी पोचतात ते वाडीतले लोकच.

पैसे भरण्याआधी आयोजकाला विचारा : शर्यत रद्द करण्याचा किंवा मध्येच थांबवण्याचा अधिकार कोणाकडे आहे, आणि कोणत्या इशाऱ्याला? हवामान खात्याचा जिल्ह्याचा इशारा पिवळा आणि घाट परिसराचा नारिंगी असू शकतो, तेव्हा ते कोणता पाहतात? जॅकेट सुरुवातीच्या रेषेवर उघडून तपासतात की नुसते यादीत लिहितात? चौकीवरच्या डॉक्टरला धावपटूला बाहेर काढता येते का, की त्याची समजूतच घालावी लागते? रद्द झाल्यास फी परत मिळते का, हाही आरोग्याचाच प्रश्न आहे. पैसे बुडणार असले की लोक तापातही पळतात.

सोबतचा माणूस गारठला तर

वाऱ्याच्या आड न्या. ओले कपडे काढा, कोरडे घाला. कोरडे नसतील तर ओल्यांवरूनच प्लॅस्टिक किंवा चंदेरी इमर्जन्सी ब्लँकेट गुंडाळा, डोके झाका आणि खाली सॅक किंवा दोर अंथरा, कारण जमीन पाठीतून उष्णता खेचते. पूर्ण शुद्धीत असेल तरच गरम, भरपूर साखरेचा चहा द्या. दारू नको. हातपाय चोळू नका, शेकोटीला चिकटवू नका. हुडहुडी थांबलेल्या माणसाला चालवू नका. आडवे ठेवून अलगद हलवा आणि १०८ किंवा ११२ ला फोन करा. नाडी फार मंद असू शकते, म्हणून मिनिटभर शोधा. श्वास आणि नाडी दोन्ही नसतील तर छाती दाबणे सुरू करा आणि मदत येईपर्यंत सोडू नका. अति गारठलेली माणसे बऱ्याच वेळाने परत आल्याची उदाहरणे आहेत. घरातल्या थर्मामीटरवर विसंबू नका. पाऱ्याचा जुना थर्मामीटर ३५ च्या खाली दाखवतच नाही.

प्रत्येक भोवळ गारठ्याची नसते

ऑक्टोबरच्या किंवा मार्चच्या उन्हात तोच धावपटू बरळू लागला आणि अंग भाजत असेल, तर तो उष्माघात. तिथे नियम उलटा : आधी जागेवरच गार पाण्याने थंड करा, मग हलवा. पावसाळी हवेत तहान नसताना लिटरच्या लिटर पाणी प्यायल्यानेही रक्तातले सोडियम घसरून गोंधळ, उलट्या, झटके येऊ शकतात. अशा वेळी आणखी पाणी पाजणे घातक. वीज कडाडत असेल तर कड्यावरून, एकट्या झाडाखालून खाली उतरा. वीज पडलेल्या माणसाला हात लावायला भीती नको, त्याच्यात करंट राहत नाही.

परत आल्यावर

शर्यतीच्या आधी किंवा दरम्यान आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या घेऊ नका. पाणी कमी पडलेल्या शरीरात त्या किडनीला इजा करतात. दुसऱ्या दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर "अंग दुखतंय, होईल बरं" म्हणत बसू नका. तो स्नायू तुटल्याचा परिणाम असू शकतो, त्याच दिवशी दाखवा. चिखल-पाण्यातून गेल्यावर पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणे किंवा डोळे लाल होणे सुरू झाले, तर लेप्टोस्पायरोसिसची शंका घ्यावी लागते. तेव्हा डोंगरात गेल्याचे डॉक्टरांना आपणहून सांगा. दवाखान्यातल्या घाईत ते विचारायचे राहून जाते.