‘अक्षय’ ते ‘सलग’ : खंड नाकारणाऱ्या मराठी शब्दांचा इतिहास (नाशिक परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

इंग्रजीतील ‘कंटिन्युअस’ या शब्दासाठी मराठीत अखंड, अविरत, अव्याहत, निरंतर, सतत, सलग असे अनेक पर्याय उपलब्ध आहेत. हे सर्व शब्द समानार्थी समजून एकाच्या जागी दुसरा योजण्याची सवय शासकीय पत्रव्यवहारात आणि शैक्षणिक लेखनात रुळली आहे. वस्तुतः यांतील प्रत्येक शब्द निराळ्या प्रकारचा खंड नाकारतो. कोणतीही गोष्ट आपोआप अखंड राहत नाही. ती तशी राखण्याचा भार समाज कोणावर तरी टाकत असतो. हा भार कोणावर होता, याचा शोध प्रस्तुत लेखात नाशिक परिसरातील शिलालेखांपासून आधुनिक सेवाविषयक कायद्यांपर्यंत घेतला आहे.

शब्दांच्या अर्थच्छटा

‘अखंड’ म्हणजे तुकडे न झालेले, ‘अविरत’ म्हणजे न थांबलेले, तर ‘अव्याहत’ म्हणजे ज्याला अडथळा आला नाही असे. ‘निरंतर’ या शब्दात मधले अंतर नाकारले आहे; ‘सलग’ या शब्दात एकाला एक लागून असणे अभिप्रेत आहे. म्हणूनच नदी अविरत वाहते, व्यापार अव्याहत चालतो आणि शेताचा पट्टा सलग असतो. ‘सतत’ या शब्दाचा अर्थ मात्र व्यवहारात सैल झाला आहे. ‘तो सतत आजारी पडतो’ असे म्हणताना तो मधूनमधून बरा होतो, हे गृहीतच असते. इंग्रजीने ‘कंटिन्युअस’ (न तुटणारे) आणि ‘कंटिन्युअल’ (पुन:पुन्हा घडणारे) असा भेद केला. मराठीत ‘वारंवार’, ‘वरचेवर’ हे शब्द असूनही ‘सतत’ दोन्ही अर्थांनी वापरला जातो. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशानंतर (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) द्विभाषिक कोशांची परंपरा दृढ झाली. एका इंग्रजी शब्दापुढे अनेक प्रतिशब्द ओळीने मांडण्याच्या कोशपद्धतीत अशा छटा सहज पुसल्या जातात.

त्रिरश्मी लेण्यांतील ‘अक्षयनीवी’

इंदिरानगरपासून जवळच, मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या डोंगरात त्रिरश्मी अर्थात पांडवलेणी आहेत. येथील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याचा ४२ व्या वर्षाचा प्राकृत लेख आहे. त्यात त्याने भिक्खुसंघाला दिलेल्या ३००० कार्षापणांच्या ‘अक्षयनीवी’ची, म्हणजे कधीही न सरणाऱ्या ठेवीची, नोंद आहे. त्यांपैकी २००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा १ या दराने आणि १००० दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण या दराने ठेवले होते. मुद्दल परत करावयाचे नव्हते. केवळ व्याज उपभोगावयाचे होते. पहिल्या ठेवीचे वार्षिक व्याज २४० कार्षापण होते. लेण्यात राहणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ याप्रमाणे लागणारी रक्कमही नेमकी तेवढीच होते. ‘अक्षय’ या विशेषणामागे असा काटेकोर हिशेब आणि श्रेणीसारखी टिकाऊ संस्था होती.

तथापि राज्य अक्षय नव्हते. सातवाहन सम्राट गौतमीपुत्र सातकर्णी याने क्षहरातांचा पराभव केला. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ साली सापडलेल्या नाण्यांच्या निधीत नहपानाच्या नाण्यांवर गौतमीपुत्राने आपले ठसे उमटविल्याचे आढळते. तिसऱ्या लेण्यातील त्याच्या १८ व्या राज्यवर्षाच्या लेखानुसार, पूर्वी उषवदाताकडे असलेले २०० निवर्तने शेत त्याने भिक्खूंना दिले. २४ व्या राज्यवर्षाच्या लेखात पूर्वी दिलेले शेत कसले जात नाही आणि ते गावही ओसाड आहे, म्हणून त्याऐवजी १०० निवर्तने राजकीय शेत देण्याची आज्ञा आहे. दान खंडित झाले, तेव्हा खंड भरून काढण्याचे दायित्व दात्याने स्वीकारले, ही बाब येथे महत्त्वाची ठरते.

भक्तिपरंपरेतील ‘अखंड’

वारकरी संप्रदायातील अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवली जात नाही. परंतु ती एकच व्यक्ती सात दिवस धरीत नाही. गावकरी पहारे वाटून घेतात आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. येथे अखंडत्व कार्याचे असते, व्यक्तीचे नव्हे. व्यक्तीला विश्रांती मिळते म्हणूनच कार्य अखंड राहते.

आधुनिक कायदा आणि ‘सलग सेवा’

आधुनिक काळात हा शब्द कार्यावरून व्यक्तीवर आला. १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमात बारा महिन्यांत २४० दिवस काम केलेल्या कामगाराची (खाणीत जमिनीखाली काम करणाऱ्यासाठी १९० दिवस) सेवा सलग मानण्याची तरतूद होती. आजारपण, मंजूर रजा, अपघात, बेकायदा नसलेला संप किंवा टाळेबंदी यांमुळे सेवा खंडित होत नसे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतील कामगारांच्या दृष्टीने ही व्याख्या निर्णायक होती. ‘सलग’ म्हणजे ‘रोज’ नव्हे, हे कायद्यानेच मान्य केले होते.

उच्च शिक्षणात तासिका तत्त्वावरील अध्यापकाची नेमणूक सत्राबरोबर संपते. अध्यापनाचे कार्य पुढील सत्रात चालूच राहते, महाविद्यालय अखंड चालते. खंड पडतो तो केवळ अध्यापकाच्या सेवेत. सप्ताहातील न्याय येथे उलटा होतो. कार्याच्या अखंडत्वाचे श्रेय संस्थेला मिळते आणि खंडाची हानी व्यक्तीच्या वाट्याला येते.

याउलट २००९ च्या शिक्षण हक्क अधिनियमानंतर महाराष्ट्रात रूढ झालेली ‘सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन’ ही संज्ञा समर्पक आहे. मूल्यमापन वर्षभर टप्प्याटप्प्याने होत असल्याने तेथे ‘अखंड’ हा शब्द अयोग्य ठरला असता.

निष्कर्ष

१. खंड नाकारणारे मराठी शब्द परस्परांचे पर्याय नाहीत. कोणता खंड नाकारावयाचा आहे, यावरून शब्दाची निवड व्हावी.

२. पुनरावृत्ती सांगण्यासाठी ‘सतत’ऐवजी ‘वारंवार’ किंवा ‘वरचेवर’ योजल्यास संदिग्धता टळते.

३. श्रेणीची ठेव, राजाचे पुनर्दान आणि पहाऱ्याची वीणा या तिन्ही उदाहरणांत अखंडत्व राखण्याचा भार संस्थेने, सत्तेने किंवा समूहाने उचलला होता. सेवाविषयक नियमांत ‘सलग’ हा शब्द लिहिताना, खंड कोण पाडतो आणि त्याचे परिणाम कोण भोगतो, याचाही निर्देश असणे न्याय्य ठरेल.