पुरंदरावरचे ‘शत्रू’

१९१७ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसचे प्रतिनिधी हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातल्या कैदी छावण्या पाहत फिरले. नगरच्या छावणीत सैनिकांच्या जोडीने साधे जर्मन नागरिकही होते, बेळगावात बायकामुलं. त्यांचा गुन्हा काय? लढाई पेटली आणि पासपोर्ट नको त्या देशाचा निघाला.

पकडलेल्या सैनिकाला १९०७ च्या हेग कराराचा आधार होता. अन्न, कपडे, निवारा यांत त्याला पकडणाऱ्यांच्या सैनिकांइतकंच मिळायला हवं, असं त्यात लिहिलेलं होतं. कोंडलेल्या नागरिकासाठी मात्र अशी तरतूद नव्हती. १९२९ चा युद्धकैद्यांचा जिनिव्हा करारही सैनिकांपुरताच. १९३४ मध्ये टोकियोच्या रेडक्रॉस परिषदेत नागरिकांसाठी मसुदा झाला, पण सरकारांनी त्यावर सह्या करायच्या आत दुसरं महायुद्ध आलं.

पुन्हा नगर, जोडीला देवळाली. (गिर्यारोहक हाइनरिश हारर या दोन्ही छावण्यांतून डेहराडूनला गेला आणि १९४४ मध्ये तिथून तिबेटकडे निसटला.) पुरंदरची गोष्ट मात्र वेगळी. संभाजीराजांचा जन्म झालेल्या या गडावर इंग्रजांनी आजारी गोऱ्या सैनिकांसाठी आरोग्यधाम उभारलं होतं. आता तिथे नजरकैदेतल्या परकीयांना ठेवलं, आणि त्यांत हिटलरच्या तावडीतून सुटून आलेले ज्यूही होते.

जर्मनीने १९३८ मध्ये ज्यूंच्या पासपोर्टवर लाल ‘जे’ उमटवला, १९४१ मध्ये परदेशी राहणाऱ्या ज्यूंचं नागरिकत्वच काढून घेतलं. म्हणजे बर्लिनच्या लेखी हे जर्मन नव्हतेच. इंग्रजांच्या दप्तरात मात्र ‘शत्रुराष्ट्राचे प्रजाजन’. मुंबईच्या ज्यूइश रिलीफ असोसिएशनने अनेकांच्या सुटकेसाठी सरकारदरबारी खेटे घातले. हा घोळ एकट्या पुरंदरावरचा नव्हता, इंग्लंडातही तेच चाललं होतं.

१९४९ च्या चौथ्या जिनिव्हा करारातलं ४४ वं कलम याच घोळावरचा उपाय आहे. ज्याला कुठल्याच सरकारचं छत्र नाही, अशा निर्वासिताला केवळ कागदोपत्री राष्ट्रीयत्वावरून शत्रू मानू नये, असं ते सांगतं. भारताने १९५० मध्ये हा करार मान्य केला.

पण तो लढाईपुरता. एरवी परकीयांना डांबण्याचा अधिकार सरकारला मिळाला १९४६ च्या परकीय नागरिक कायद्यातून. १ सप्टेंबर २०२५ पासून त्याच्या जागी नवा कायदा आला. १९५१ च्या निर्वासित करारावर भारताची सही नाही. परकीयाच्या हाती उरतं ते जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क देणारं घटनेचं २१ वं कलम. अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांच्या खटल्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचं संरक्षण नागरिक नसलेल्यांनाही आहे, असं स्पष्ट केलं.