उणे एक नावाची दुनिया

१९९०च्या दशकात आपल्याकडे बऱ्याच घरांत 'टीव्ही गेम' आले. जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या 'फॅमिकॉम' या यंत्राच्या त्या स्वस्त नकला होत्या. त्यात खोचायच्या कार्ट्रिजला सगळे 'कॅसेट'च म्हणत. कॅसेटवर '९९९ इन १' असं काहीतरी छापलेलं असे. आत खेळ मोजकेच निघत, बाकीची नावं म्हणजे तेच खेळ वेगळ्या ठिकाणापासून सुरू केलेले. त्यातला 'सुपर मारिओ ब्रदर्स' तर सर्वांच्या ओळखीचा. या खेळात 'उणे एक' क्रमांकाची एक दुनिया आहे, आणि तिथे गेलेला मारिओ परत येत नाही, अशी बातमी खेळणाऱ्या मुलांत तोंडोतोंडी पसरलेली होती. आमच्यासारख्या मोठ्यांना ती थाप वाटे. पण ती थाप नव्हती.

हा खेळ १९८५च्या सप्टेंबरात जपानमध्ये विक्रीला आला. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी तो रचला. ८ दुनिया, प्रत्येकीत ४ टप्पे, म्हणजे एकूण ३२ टप्पे. हे सगळं ४० किलोबाइटमध्ये बसवलेलं होतं. ३२ किलोबाइट सूचना आणि नकाशांसाठी, उरलेले ८ चित्रांसाठी. चित्रं म्हणजे ८ गुणिले ८ ठिपक्यांच्या छोट्या फरशा. एका फरशीला १६ बाइट लागतात, म्हणजे ८ किलोबाइटमध्ये बरोबर ५१२ फरशा. (हा गुणाकार मुलांकडून करून घ्यायला हरकत नाही.) एवढ्या तुटपुंज्या जागेत काटकसर करावीच लागते. मारिओमधला आकाशातला पांढरा ढग आणि जमिनीवरचं हिरवं झुडूप नीट पाहा. आकार एकच आहे, फक्त रंग बदललाय!

आपली गोष्ट या काटकसरीतूनच सुरू होते. फरशांना क्रमांक असतात. ० ते ९ या क्रमांकांवर त्याच अंकांची चित्रं, मग १० ते ३५वर इंग्रजी वर्णमालेची २६ अक्षरं. त्यानंतरची, ३६ क्रमांकाची फरशी कोरी आहे. जिथे काही दिसू नये तिथे ३६ लिहायचं.

पहिल्या दुनियेच्या दुसऱ्या टप्प्याच्या शेवटी एक गुप्त खोली आहे. तिथल्या तीन पाइपांवर ४, ३, २ असे आकडे दिसतात. ज्या पाइपात शिराल त्या दुनियेत पोचाल. पुढे चौथ्या दुनियेतल्या अशाच एका खोलीत एकच पाइप आहे, ५ आकड्याचा. ओळीत जागा मात्र तीन. मग त्या ओळीत लिहिलं आहे ३६, ५, ३६, म्हणजे कोरं, पाच, कोरं. वर दाखवायचा आकडा आणि ज्या दुनियेत न्यायचं तिचा आकडा, दोन्हींसाठी एकच यादी वापरलेली. जागा वाचली.

आता मारिओला भिंतीत घुसवायचं. टप्प्याच्या शेवटी छतातल्या ठराविक विटा फोडून, वाकून, मागच्या बाजूला नेमकी उडी मारली की तो भिंतीत अडकतो. अडकलेल्याला बाहेर ढकलायचं, एवढंच खेळाला ठाऊक. तो त्याला पलीकडे, गुप्त खोलीत ढकलतो. तिथे आकडे उमटण्याआधीच पाइपात शिरलं, तर खेळ चुकीची ओळ वाचतो. ३६, ५, ३६ ही ओळ! कडेच्या पाइपात शिरलेला मारिओ ३६व्या दुनियेत निघतो.

पडद्यावर 'वर्ल्ड'च्या पुढे दुनियेचा क्रमांक, मग आडवी रेघ, मग टप्प्याचा क्रमांक असं छापलं जातं. ३६ची फरशी तर कोरी. म्हणून दिसतं काय, तर नुसतं '-१'. जिला सगळे उणे म्हणत आले ती वजाबाकीची खूण नाहीच, दोन आकड्यांमधली जोडरेघ आहे.

मग त्या दुनियेत पाणी कुठून आलं? दुनियांच्या यादीत नोंदी आठच. हजेरीपटावर आठ नावं असताना छत्तिसावं नाव विचारलं, तर आपण 'असं कुणी नाही' म्हणू. यंत्र तसं म्हणत नाही. ते मोजत खाली जातं, शेजारच्या दुसऱ्याच यादीत शिरतं आणि तिथे सापडलेला आकडा टप्प्याचा पत्ता समजतं. तो पत्ता निघाला एका पाण्याखालच्या टप्प्याचा. शेवटच्या पाइपातून मारिओ पुन्हा त्याच टप्प्याच्या सुरुवातीला येतो. वेळ संपून मरेपर्यंत फेऱ्या चालू! १९८६ साली जपानमध्ये हाच खेळ डिस्कवर निघाला. तिथे शेजारी वेगळे आकडे पडले होते, त्यामुळे त्या 'उणे' दुनियेत तीन टप्पे मिळतात आणि ते पारही करता येतात.

म्हणजे ही दुनिया कुणी लपवली नव्हती आणि कुणी बांधलीही नव्हती. ज्या गोष्टी माणसांनी खरोखर बांधल्या आणि मग वगळल्या, त्यांची जात वेगळी. 'सुपर मारिओ ब्रदर्स ३' (१९८८) या खेळाच्या चिपमध्ये डझनाहून अधिक टप्पे असे आहेत, ज्यांच्याकडे नेणारी वाटच नकाशात नाही. चिप पुसण्यापेक्षा वाट तोडणं सोपं असतं. १९९०च्या सुमारास 'गेम जिनी' नावाचं जोडयंत्र आलं. ते कॅसेट आणि यंत्र यांच्यामध्ये बसून वाचला जाणारा एखादा बाइट बदलत असे. अशा बदलांनी ते टप्पे उघडता येतात.

'सॉनिक द हेजहॉग २' (१९९२) या खेळातला 'हिडन पॅलेस' हा भाग खेळ निघण्यापूर्वी मासिकांच्या चित्रांत झळकला होता. विकलेल्या कॅसेटमध्ये मात्र तो नव्हता. नव्हता म्हणजे, त्याचं संगीत मात्र राहून गेलं होतं. आवाज तपासण्याच्या यादीत ते ऐकू येई, आणि हे कुठे वाजायचं असेल, असा प्रश्न खेळणाऱ्यांना पडे. २०१३ साली मोबाइलसाठी नव्याने केलेल्या आवृत्तीत तो भाग पुरा करून घातला गेला. एका जुन्या खड्ड्यात पडलं की तिथे पोचता येतं. पूर्वी त्याच खड्ड्यात पडलेला सॉनिक काट्यांवर मरत असे.