संगणकाचा आहार

वेगवान संगणक विकत घेतांना आपण त्याच्या बुद्धीची कसून चौकशी करतों. त्याच्या आहाराची मात्र करीत नाहीं. इतिहास पाहिला म्हणजे ही उपेक्षा किती अनाठायीं आहे तें कळतें.

इ. स. १९४६ मध्यें फिलाडेल्फिया येथें जगापुढें आलेल्या ‘एनिॲक’ यंत्रांत सुमारें १८,००० निर्वात नळ्या होत्या, आणि त्यास सुमारें १५० किलोवॅट वीज लागे. पुढें यंत्रें लहान झालीं. आय. बी. एम. च्या १९८१ मधील व्यक्तिगत संगणकास ६३.५ वॅटचा वीजपुरवठा पुरला; परंतु १९८३ च्या ‘एक्सटी’ मध्यें हार्ड डिस्क आली, तेव्हां तो १३० वॅटचा करावा लागला. १९८४ च्या ‘एटी’ मध्यें तो १९२ वॅटवर गेला. २०२२ चें ‘आरटीएक्स ४०९०’ हें एकटें ग्राफिक्स कार्डच ४५० वॅटपर्यंत वीज घेतें.

तात्पर्य, नवा भाग आला कीं भूक वाढते. म्हणून प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड यांच्या गरजेची प्रथम बेरीज करावी, इतर भागांची भर घालावी आणि वर पुरेशी शिल्लक ठेवावी. हे दोन्ही भाग मुख्यतः १२ व्होल्टच्या वाहिनीवर पोसले जातात. तेव्हां पेटीवरचा मोठा आंकडा न पाहतां त्या वाहिनीचा आंकडा वाचावा. ‘८० प्लस’ हें चिन्ह विजेच्या बचतीचें आहे, सुरक्षिततेचें नव्हे. अतिदाब व शॉर्ट सर्किट यांपासून संरक्षण आहे ना, हें निराळें विचारावें. कारण निकृष्ट पुरवठा बिघडतांना कित्येकदां एकटा जात नाहीं. महागड्या सोबत्यांसही घेऊन जातो.