कोळंबी आणि अँजिओग्राफी

मुरूड-श्रीवर्धनकडचा एखादा रुग्ण अँजिओग्राफीसाठी दाखल झाला, की परिचारिका त्याला विचारी, "कोळंबी, खेकडे खाऊन अंगावर गांधी उठतात का?" रुग्ण 'हो' म्हणाला, की तपासणी लांबे किंवा आधी जादा औषधे दिली जात. काही ठिकाणी हा प्रश्न अजूनही विचारला जातो. तो आला कोठून?

क्ष-किरणांना रक्त आणि स्नायू जवळजवळ सारखेच दिसतात. म्हणून जानेवारी 1896 मध्ये, म्हणजे रॉंटगेनच्या शोधानंतर काही आठवड्यांतच, व्हिएन्नात हाशेक आणि लिंडेनथाल यांनी एका तोडलेल्या हाताच्या रक्तवाहिन्यांत खडू आणि हिंगूळ यांचे मिश्रण भरून छायाचित्र घेतले. जिवंत माणसाला ते कसे चालणार! 1927 साली लिस्बनमध्ये मोनिझ यांनी मेंदूच्या रक्तवाहिन्या दाखवण्यासाठी सोडियम आयोडाइड वापरले. 53 अणुक्रमांकाचे आयोडीन क्ष-किरण चांगले अडवते. आजच्या 'डाय'मध्येही आयोडीनच असते, फक्त ते कार्बनी रेणूत घट्ट बांधलेले असते.

'डाय'ची काहींना रिअॅक्शन येते. 1975 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत अशा काही रुग्णांना कोळंबी-खेकड्यांचेही वावडे असल्याचे आढळले. मासळीत आयोडीन, 'डाय'मध्ये आयोडीन. झाले, नाते जुळले! अंडी आणि दूध न सोसणाऱ्यांचे प्रमाणही त्याच पाहणीत तसेच होते, पण तिकडे फारसे कुणी पाहिले नाही. खरे तर वर्गातला विद्यार्थीही विचारील, की हीच माणसे रोज आयोडीनयुक्त मीठ कसे खातात? 1993 साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील सुब्बा राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याच समुद्रातल्या पांढऱ्या कोळंबीतील मुख्य दोषी ओळखला. तो निघाला ट्रोपोमायोसिन, स्नायूतले एक प्रथिन.

मग परिचारिकेने काय विचारावे? पूर्वी 'डाय'ची रिअॅक्शन आली होती का, दमा आहे का, मूत्रपिंडे कशी आहेत, मधुमेहाच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत. सांगण्यासारखेही पुष्कळ असते. 'डाय' सोडताना अंगभर ऊब पसरते, घाबरू नये. नंतर डॉक्टरांनी मना केले नसेल तर भरपूर पाणी प्यावे. नळी मांडीतून घातली असेल तर पाय काही तास सरळ ठेवावा. काही दिवस जाळे ओढणे, मासळीची टोपली उचलणे बंद. आणि रुग्णालय दूर असलेल्या किनाऱ्यावरच्या माणसाला हे तर दोनदा सांगावे: घरी गेल्यावर रक्त येऊ लागले, तर आडवे होऊन जागा घट्ट दाबून धरायची आणि दुसऱ्याला मदतीसाठी धाडायचे, स्वतः उठून चालायचे नाही.