अर्धवट आठवणारी बालचित्रे

जाळ्यासकट आकाशात उडालेले पक्षी, प्रश्न विचारणारा धाकटा भाऊ, समजावून सांगणारी मोठी बहीण आणि एक चाल. दूरदर्शनच्या काळात वाढलेल्या पिढीला एवढे हमखास आठवते. त्या लघुपटाचे नाव काय, तो कोणी केला, आपण तो कोणत्या वर्षी पाहिला, हे मात्र सहसा सांगता येत नाही. लहानपणी पाहिलेल्या अशा छोट्या चित्रांची ओळख मोठेपणी पटविण्याचा खटाटोप अनेक जण करतात. त्यात काहींना पाच मिनिटांत यश येते, तर काहींचा शोध वर्षानुवर्षे तेथेच अडकून राहतो. या फरकाची कारणे पाहण्यासारखी आहेत.

मुळात ही चित्रे निनावी राहण्याचीच सोय होती. वर्तमानपत्रातील कार्यक्रमपत्रिकेत मालिकांची आणि रविवारच्या चित्रपटाची वेळ छापली जाई. दोन कार्यक्रमांमधील मोकळी जागा भरण्यासाठी लावलेल्या लघुपटाची दखल तेथे क्वचितच असे. बरेचदा मूल दूरचित्रवाणी संचापुढे पोहोचेपर्यंत नामावली सरलेली असे आणि ती दिसली तरी वाचता येण्याचे वय नसे. मग मूल स्वतःच नाव ठेवी. गाण्यातला एखादा शब्द, एखादा प्राणी किंवा शेजाऱ्यांच्या घरातील संच, यांपैकी जे मनात ठसले तेच त्या चित्राचे नाव होऊन बसे.

पक्ष्यांच्या लघुपटाचेही असेच झाले. लोक त्याला ‘एक चिडिया’ म्हणून ओळखतात. प्रत्यक्षात त्याचे नाव ‘एक अनेक और एकता’ असे आहे. फिल्म्स डिव्हिजनचा हा सुमारे सात मिनिटांचा सचेतपट १९७४ सालचा. तो करणाऱ्या विजया मुळे यांचा जन्म १९२१ मध्ये मुंबईत झाला. पाटणा आणि दिल्ली येथील फिल्म सोसायटीच्या चळवळीत त्यांनी महत्त्वाचे काम केले, त्या सेंटर फॉर एज्युकेशनल टेक्नॉलॉजी या केंद्रीय संस्थेच्या प्रमुख होत्या आणि २०१९ मध्ये दिल्लीत त्यांचे निधन झाले. सचेतनाचे काम भीमसेन यांनी केले. पुढे ‘घरौंदा’ हा चित्रपट दिग्दर्शित करणारे ते हेच. संगीत वसंत देसाई यांचे आणि गीत दिल्लीच्या गांधर्व महाविद्यालयाचे संस्थापक पंडित विनयचंद्र मौद्गल्य यांचे. बालआवाज होता साधना घाणेकर या मुलीचा, म्हणजेच आजच्या पार्श्वगायिका साधना सरगम यांचा. उत्कृष्ट शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही या लघुपटाला मिळाला. मराठी माणसांचा एवढा हात असलेले हे काम मराठी घरांत दोन पिढ्या कर्त्यांच्या नावाविनाच गुणगुणले गेले, हे थोडे खटकतेच.

या लघुपटाबाबत आणखी एक गंमत आढळते. सूर्य-चंद्र-ताऱ्यांचे गाणे, पक्ष्यांची आणि उंदरांची गोष्ट आणि शेवटचे देशगीत ही तीन वेगवेगळी चित्रे होती, असे काही जण ठामपणे सांगतात. ती तिन्ही एकाच सात मिनिटांत आहेत. याच्या उलटही घडते. दोन भिन्न चित्रे मनात एकमेकांना चिकटतात आणि कधीच न बनलेल्या तिसऱ्याच चित्राचा शोध सुरू होतो. फ्रेडरिक बार्टलेट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९३२ मधील आपल्या ग्रंथात दाखविले होते की, माणूस गोष्ट जशीच्या तशी साठवून ठेवीत नाही, तर आठवताना ती नव्याने रचतो आणि न जुळणारे तपशील आपल्या ओळखीच्या साच्यात बसवतो. हरवलेले बालचित्र शोधणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेले बरे.

रंगाचा पुरावा तर विशेष फसवा असतो. ‘ते कृष्णधवल होते, म्हणजे फार जुने असणार’ असा तर्क हमखास केला जातो. भारतात रंगीत प्रसारण १९८२ मध्ये सुरू झाले. त्यामुळे त्याआधी दाखवलेले रंगीत चित्रही घरात कृष्णधवलच दिसले. त्यानंतरही बराच काळ असंख्य घरांत जुनाच संच होता. म्हणून कृष्णधवल आठवण चित्राबद्दल फारसे सांगत नाही. ती घरातील संचाबद्दल सांगते. त्यापेक्षा भाषा कोणती होती, वेळ शाळेची होती की रविवारची, चित्र रेखाटलेले होते की कळसूत्री बाहुल्यांचे, तेव्हा कुटुंब कोणत्या घरात राहत होते, या प्रश्नांची उत्तरे अधिक उपयोगी पडतात. चाल आठवत असेल तर ती आधी ध्वनिमुद्रित करून ठेवावी, कारण इतरांशी बोलता बोलता शब्द बदलत जातात. भावंडांना विचारताना आपली आठवण आधी सांगू नये, त्यांची ऐकून घ्यावी. पोपट सोबत असलेली, शाळेसाठी हट्ट धरणारी मुलगी आठवत असेल, तर ती बहुधा ‘मीना’ असते. युनिसेफसाठी १९९० च्या दशकात तयार झालेल्या या मालिकेमागे राम मोहन होते. त्यांची कारकीर्द १९५६ मध्ये फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगपट विभागात सुरू झाली होती.

फिल्म्स डिव्हिजनचे चित्र सापडणे तुलनेने सोपे, कारण ते फिल्मवर चित्रित झालेले असते. चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाआधी असे लघुपट दाखविणे बंधनकारक होते, त्यामुळे त्यांच्या अनेक प्रती निघत. प्रमाणपत्रावर नाव असे, सूचीत नोंद होई. २०२२ मध्ये फिल्म्स डिव्हिजन, बाल चित्रपट समिती आणि पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय यांचे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीनीकरण झाले. संस्था बदलल्या, तरी नोंदीचा धागा तुटला नाही.

मराठी मुलांसाठी झालेल्या चित्रफितींची कथा निराळी आहे. इन्सॅट उपग्रहाद्वारे शालेय कार्यक्रम पोहोचविण्याच्या योजनेत सहा राज्यांमध्ये शैक्षणिक तंत्रविज्ञान संस्था उभ्या राहिल्या. महाराष्ट्रातील संस्था १९८४ मध्ये पुण्यात सुरू झाली, तिचे नाव बालचित्रवाणी. पाच ते आठ आणि नऊ ते अकरा या वयोगटांसाठी तेथे हजारो कार्यक्रम तयार झाले. विज्ञानाचे प्रयोग, बाहुल्यांच्या गोष्टी, कविता, भूगोल असे सारेच त्यात होते. दिल्लीतील केंद्रीय संस्थेचा हिंदी ‘तरंग’ हा कार्यक्रमही त्याच सुमारास दूरदर्शनवर दिसत असल्याने आठवणीत या दोहोंची सरमिसळ होते. मुंबई दूरदर्शनचे ‘किलबिल’ याहून वेगळे. ते त्या केंद्राचे स्वतःचे.

हे काम चुंबकीय फितीवर झाले. फीत महाग असल्याने त्या काळी दूरदर्शन केंद्रांवर जुने पुसून नवे मुद्रण करण्याची रीत होती. जे पुसले गेले नाही, तेही दमटपणाने खराब होते आणि ती फीत चालविणारी यंत्रे दुर्मीळ होत जातात. कार्यक्रमाची प्रत चित्रपटगृहात गेलेली नसते, तेव्हा दुसरी प्रत मिळण्याची शक्यताही थोडीच. बालचित्रवाणी २०१७ मध्ये बंद झाली आणि ‘अमुक गोष्ट तुमचीच का?’ असे जेथे विचारता आले असते, ती जागाच उरली नाही. परिणाम विचित्र आहे: १९७४ चा हिंदी सचेतपट आज आंतरजालावर क्षणात दिसतो आणि त्यानंतर पंधरा वर्षांनी पुण्यात झालेल्या मराठी बाहुलीनाट्याचे नावही हाती लागत नाही.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा येथील औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी, जेथे निरनिराळ्या राज्यांतील माणसे एकत्र काम करतात, हा फरक सहज जाणवू शकतो. जाळे घेऊन उडणाऱ्या पक्ष्यांचा विषय निघाला तर बिहारचा तंत्रज्ञ आणि जालन्याचा कामगार दोघेही चाल पुरी करतील. बालचित्रवाणीच्या शीर्षकधूनला मात्र जालन्याकडूनच साद येईल. ती धून ओळखणारे अजून पुष्कळ आहेत. तिच्यानंतर सुरू झालेल्या एखाद्या कार्यक्रमाचे नाव विचारल्यास ते थबकतात, आणि मग कोणाला हिरव्या टोपीची बाहुली आठवते, कोणाला शाळेच्या व्हरांड्यात टेबलावर ठेवलेला लाकडी दारांचा संच.