बेसी कोलमन : एकाच फाटकासाठी अडून बसलेली वैमानिक

महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामीविरुद्ध लढलेल्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. तिथली गुलामी कायद्याने १८६५ मध्ये संपली होती. पण कायदा बदलला म्हणून समाज लगेच बदलत नाही, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. बेसी कोलमन या पहिल्या कृष्णवर्णीय अमेरिकन महिला वैमानिकाचे आयुष्य हेच सांगते.

बेसीचा जन्म २६ जानेवारी १८९२ रोजी टेक्सासमध्ये झाला. तेरा भावंडांत ती दहावी. आई कृष्णवर्णीय, वडिलांकडून चेरोकी आदिवासींचाही वारसा. काळ्या मुलांची शाळा वेगळी, एका खोलीची आणि चार मैलांवर. कापूस वेचणीचा हंगाम आला की शाळा सुटायची. १९०१ मध्ये वडील घर सोडून गेले आणि संसाराचा भार आईवर पडला. पुढे बेसीने साठवलेल्या पैशांतून ओक्लाहोमातील लँग्स्टन येथे उच्च शिक्षणासाठी प्रवेश घेतला. एका सत्रात पैसे संपले आणि ती परतली.

१९१५ च्या सुमारास ती शिकागोला आली. तिथे एका केशकर्तनालयात ती गिऱ्हाइकांची नखे साफ करून रंगवायची. पहिल्या महायुद्धातून परतलेला भाऊ तिला चिडवायचा, की फ्रान्समधल्या बायका विमान चालवतात, तुम्हाला ते जमायचे नाही. बेसीने ते मनावर घेतले. पण अमेरिकेत ज्या ज्या वैमानिक शाळेकडे ती गेली, त्या सगळ्यांनी तिला नाकारले. ती काळी होती आणि बाई होती, एवढेच कारण पुरेसे होते.

वाट दाखवली ती समाजाच्याच वृत्तपत्राने. 'शिकागो डिफेंडर'चे संपादक रॉबर्ट अ‍ॅबट यांनी तिला फ्रान्सला जाण्याचा सल्ला दिला. ती फ्रेंच शिकली आणि नोव्हेंबर १९२० मध्ये बोटीत बसली. ल क्रोत्वा येथील कोद्रों बंधूंच्या शाळेत तिने प्रशिक्षण घेतले. तिथे एका सहाध्यायाचा अपघाती मृत्यू पाहूनही ती मागे फिरली नाही. १५ जून १९२१ रोजी तिला आंतरराष्ट्रीय वैमानिक परवाना मिळाला. ज्या अमेलिया इअरहार्टचे नाव जगभर घेतले जाते, तिला परवाना मिळाला १९२३ मध्ये.

आता मेरिटवाल्यांना आमचा एक साधा प्रश्न आहे. अटलांटिकच्या एका किनाऱ्यावर जी बाई अपात्र होती, तीच सात महिन्यांत दुसऱ्या किनाऱ्यावर पात्र कशी ठरली? बाई तीच होती. बदलले ते एवढेच की तिला कुणीतरी शिकवायला तयार झाले.

मायदेशी परतल्यावर ती हवाई कसरतींचे प्रयोग करू लागली. १९२३ मध्ये विमान कोसळून तिचा पाय आणि बरगड्या मोडल्या, तरी ती पुन्हा उडाली. एका चित्रपटात तिला फाटक्या कपड्यांतली अडाणी काळी बाई दाखवायचे ठरले, तेव्हा तिने काम सोडून दिले. आणि ज्या वॉक्सहाचीत तिचे बालपण गेले, तिथल्या प्रयोगाच्या वेळी तिने अट घातली, की काळे आणि गोरे एकाच फाटकातून आत येतील, नाहीतर विमान उडणार नाही. आयोजकांना नमावे लागले. आत बसण्याच्या जागा मात्र वेगळ्याच राहिल्या. ज्यांच्या आजा-पणजाला पाणवठ्यावर अडवले गेले, त्यांना त्या एका फाटकाची किंमतही कळते आणि आतल्या वेगळ्या जागांची सलही.

बेसीला स्वतःच्या नावापेक्षा मोठे काहीतरी हवे होते. कृष्णवर्णीयांसाठी वैमानिक शाळा काढायची, म्हणून ती प्रयोग आणि व्याख्यानांतून पैसा उभा करत होती. ३० एप्रिल १९२६ रोजी फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे सराव चालू होता. विमान तिचा मेकॅनिक विल्यम विल्स चालवत होता. दुसऱ्या दिवशीच्या पॅराशूट उडीसाठी जागा नीट दिसावी म्हणून तिने पट्टा बांधला नव्हता. विमानाच्या यंत्रणेत पाना अडकला, विमान उलटले आणि बेसी खाली फेकली गेली. विल्सही वाचला नाही. ती चौतीस वर्षांची होती. शाळा राहून गेली.

ते काम समाजाने हाती घेतले. १९२९ मध्ये विल्यम पॉवेल यांनी लॉस एंजेलिसमध्ये तिच्या नावाने वैमानिक क्लब काढून कृष्णवर्णीयांना विमानविद्या शिकवायला सुरुवात केली. १९९२ मध्ये मे जेमिसन ही पहिली कृष्णवर्णीय महिला अंतराळवीर बेसीचा फोटो सोबत घेऊन अंतराळात गेली. अमेरिकन सरकारने १९९५ मध्ये तिचे टपाल तिकीट काढले आणि २०२३ मध्ये तिची प्रतिमा असलेले नाणेही.

तिकीट आणि नाणे काढायला सरकारला सत्तर-शंभर वर्षे लागली. समाजाने मात्र तीन वर्षांत तिचे काम उचलले. मित्रांनो, आमच्या वस्तीतून कुणी पहिला डॉक्टर, पहिली वैमानिक, पहिली न्यायाधीश झाली की आम्ही हार घालतो, बॅनर लावतो. घालायलाच हवा. पण त्याच सत्कारात एक हिशेब मांडायची सवय लावू या : हिच्यामागून येणाऱ्या दुसरीची फी कोण भरणार? 'पे बॅक टू सोसायटी' म्हणतात ते यालाच.

जय भीम!